आहारप्रश्न : लेकानं पाठवलेली ब्लूबेरी

गेल्या महिन्यात या सदरात ओघात ब्लूबेरीचं नाव आलं, एका ओळीपुरतं. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभर नाचणीवर लिहून आली नव्हती. मला जरा वाईटच वाटलं, नाचणीसाठी. असो. सहा पत्रं निवडली आहेत. नेहमीसारखी नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : माझं वय ६७. दहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मुलगा न्यू जर्सीत असतो. हल्ली ह्यांना विसरायला होतं, म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर सुक्या ब्लूबेरीची मोठमोठी पाकिटं पाठवतो. दोघांनी रोज मूठभर खायचीच, असा फोनवरून हुकूम आहे. म्हणतो, मेंदूला चांगली आणि शुगरही उतरते. चवीला मनुकांसारखी लागते. महिनाभर नेमानं खाल्ली, तर माझी जेवणानंतरची साखर उलट वाढलीय. लेकाला सांगू की नको? (नाशिक)

उत्तर : सांगा. पण फोन लावायच्या आधी ते पाकीट पालथं करा आणि चष्मा लावून मागचा मजकूर वाचा. बहुतेक पाकिटांवर ब्लूबेरीच्या खालोखाल साखर असते आणि शेवटी थोडं सूर्यफुलाचं तेल. ब्लूबेरी नुसती वाळवली की बारीक, आंबट आणि चिवट होते, कुणी हौसेनं खाणार नाही. म्हणून ती आधी साखरेच्या पाकात मुरवतात, मग वाळवतात आणि एकमेकींना चिकटू नये म्हणून तेलाचा हात लावतात. थोडक्यात, आपल्या मोरावळ्याची चुलत बहीण. अशा १०० ग्रॅम ब्लूबेरीत ६५ ते ७० ग्रॅम साखर भरते. तुमची मूठ ४० ग्रॅमची धरली, तर रोज पाच चमच्यांवर साखर पोटात गेली, तीही औषध समजून. ताज्या १०० ग्रॅम ब्लूबेरीत साखर असते दहा ग्रॅम आणि पाणी ८४ टक्के. तेव्हा तुमची साखर वाढवली ती पाकानं. ब्लूबेरीवर आळ नको.

आता लेकाचं म्हणणं. तो अगदीच हवेतलं बोलत नाहीये. अमेरिकेत नर्सबायकांच्या प्रकृतीवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या १६,०१० बायकांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्या ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खात होत्या त्यांची स्मरणशक्ती इतरजणींपेक्षा सावकाश उतरली, फरक जास्तीत जास्त अडीच वर्षांचा. पुढच्याच वर्षी मधुमेहावरचा अभ्यास आला. आठवड्यातून तीन वेळा ब्लूबेरी खाणाऱ्यांना मधुमेह होण्याची शक्यता २६ टक्क्यांनी कमी दिसली. त्याच अभ्यासात फळांचा रस पिणाऱ्यांची शक्यता किंचित वाढलेली होती. हे दुसरं वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरताना हमखास गळून पडतं.

पण ताई, हे नीट बघा. मधुमेह *होण्याची* शक्यता कमी दिसली. झालेला मधुमेह उतरतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय अमेरिकेत रोज बेरी विकत घेऊन खाणारी बाई बहुधा चालायलाही जाते, सिगरेट ओढत नाही आणि वेळच्या वेळी डॉक्टरांकडे जाते. संशोधक हे सगळं हिशेबातून वजा करतात, पण पैन् पै वजा होतं असं नाही. खरी परीक्षा इंग्लंडमधल्या नॉरिचला झाली. पोटाचा घेर सुटलेल्या, साखर-रक्तदाब काठावर असलेल्या ११५ जणांना सहा महिने रोज ब्लूबेरीची पूड दिली. काहींना एक वाटी फळाएवढी, काहींना अर्ध्या वाटीएवढी, काहींना नुसती तशाच रंगाची पूड. २०१९ साली निकाल आला. एक वाटीवाल्यांच्या रक्तवाहिन्या थोड्या लवचीक झाल्या. अर्ध्या वाटीनं तेवढं साधलं नाही. आणि इन्शुलिन? तिथे काहीच हाललं नाही. या प्रयोगाला अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचाही पैसा होता. तरीही साखर उतरली नाही हे त्यांनी सरळ छापलं, म्हणून माझा त्या निकालावर जरा जास्त विश्वास आहे.

एक कबुली देऊन टाकते. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करत असताना मीही या फळाच्या मोहात पडले होते. तेव्हा कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट, याचे मोठमोठे आकडे सगळीकडे छापून यायचे. अमेरिकेच्या शेतीखात्यानंच तसा तक्ता प्रसिद्ध केलेला होता आणि ब्लूबेरी त्यात दिमाखात वर बसलेली. माझ्या व्याख्यानात त्या तक्त्याची रंगीत स्लाइड असायची, लोक फोटो काढून घ्यायचे. २०१२ साली खात्यानं तो तक्ता मागे घेतला. परीक्षानळीतल्या आकड्यांचा माणसाच्या शरीरात होणाऱ्या परिणामाशी संबंध लावता येत नाही, आणि कंपन्या ते आकडे वाटेल तसे वापरतात, हे त्याचं कारण. मी स्लाइड काढून टाकली. ज्यांनी फोटो काढून नेले होते त्यांच्याकडून तो परत कसा मागणार?

तेव्हा करायचं काय? सुकी ब्लूबेरी आठ-दहा दाणे दह्यात घालून कधीतरी चालेल. मूठभर नको. ताजी मिळाली आणि परवडली तर अर्धी वाटी घ्या, पण त्या दिवशीच्या दुसऱ्या फळाच्या *ऐवजी*. पपईची फोड झाली, केळं झालं आणि वर ब्लूबेरी, असं नाही.

आणि ह्यांच्या विसरण्याबद्दल. त्याचं उत्तर पाकिटात शोधू नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, कान तपासा (ऐकूच न आलेली गोष्ट माणूस 'विसरला' असं घरच्यांना फार वेळा वाटतं) आणि डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे. तुमच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर तुमचंही तपासा, वर्षानुवर्षं ती गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ उतरू शकतं. ही तपासणी काही पाकिटं अमेरिकेहून आणवण्यापेक्षा स्वस्त पडेल.

लेकाला रागावून सांगू नका मात्र. इतक्या लांबून बॅगेत घालून जे पाठवता येतं ते तो पाठवतोय.

प्रश्न : मी मुलीच्या बाळंतपणापासून इथे एडिसनला ये-जा करते. नात आता चौदा महिन्यांची आहे. परवा तिच्या डायपरमध्ये काळपट निळी शी बघून माझे हातपाय गळाले. मुलगी हसून म्हणाली, काही नाही आई, ब्लूबेरी आहे. खरंच एवढं होतं का? आणि इतक्या लहान मुलीला ती अख्खी फळं देतात ते बरोबर आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : पहिल्या प्रश्नावर मुलगी बरोबर आहे, दुसऱ्यावर तुम्ही.

ब्लूबेरीचा रंग सालीत असतो. तो सगळा काही पचत नाही, उरलेला बाहेर पडतो. शी काळपट, निळसर, कधी हिरवट दिसते आणि एक-दोन दिवसांत मूळ रंगावर येते. मोठ्या माणसांचंही होतं. काळजीची काळी शी वेगळी असते, डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र घाणेरड्या वासाची. ती पचलेल्या रक्ताची खूण असते. तशी दिसली, किंवा ब्लूबेरी, लोहाचं औषध असं काही पोटात गेलेलं नसताना काळी दिसली, तर हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

अख्खं फळ मात्र नको. गोल, घट्ट, गुळगुळीत आणि बाळाच्या श्वासनलिकेच्या मापाचं, अशा फळाशी खेळ नको. बोटांनी चेचून, सपाट करून द्या, नाहीतर चार तुकडे करा. द्राक्षांनाही हाच नियम. चेचलेल्या फळात दिसायला मजा नाही हे खरं, पण तिला कुठे फोटो टाकायचेत.

तुम्ही एडिसनला आहात म्हणून एक सुचवते. माझीही लेक तुमच्याच राज्यात, तासाभराच्या अंतरावर राहते. जुलैमध्ये मुक्काम असेल तर आपल्या हातानं तोडा आणि वजनावर पैसे द्या, अशा एखाद्या ब्लूबेरीच्या शेतावर जाऊन या. दक्षिणेकडचं हॅमंटन हे गाव तर स्वतःला जगाची ब्लूबेरी-राजधानी म्हणवून घेतं. मी गेले तेव्हा डोक्याएवढ्या उंच झुडपांच्या सरळ ओळी होत्या, पायाखाली भुसभुशीत वाळू आणि कमरेला दोरीनं बांधलेली प्लॅस्टिकची बादली. घोसात एकाच वेळी हिरवी, गुलाबी, निळी फळं लटकलेली. मी निळं दिसलं की ओढत होते. शेजारच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना बघवेना. त्यांनी माझ्या तळहातावरचं फळ उलटं केलं आणि देठाच्या खळगीभोवतीचं लालसर वर्तुळ दाखवलं. ते असेल तर फळ आतून आंबट. मग त्यांनी घोसाखाली ओंजळ धरून अंगठ्यानं फळं नुसती लोटली. पिकलेली टपाटप ओंजळीत आली, कच्ची देठाला धरून राहिली. ओढायचंच नाही, लोटायचं. त्यानंतर माझी बादली भरली आणि पोटही. तोडताना खाल्लेल्याचे पैसे नसतात हे मला फार उशिरापर्यंत लक्षात राहिलं. घरी परतताना गाडी दोनदा थांबवावी लागली. रुग्णांना तीस वर्षं 'फळ चांगलं म्हणून कितीही खायचं नसतं' असं सांगणारी बाई मी, पण पाऊण किलो फळातला चोथा आणि साखर एकदम आत गेली की आतडं कुणाची पदवी बघत नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली. रक्त पातळ राहण्याची गोळी कायमची आहे, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासतो. ब्लूबेरीत व्हिटॅमिन के असतं म्हणून ती अजिबात खायची नाही असं कुणी सांगतं, कुणी म्हणतं हृदयाला उत्तम. वय ५८. (ठाणे)

उत्तर : वॉर्फरिन किंवा असेनोकौमारॉल असेल तर प्रश्न रास्त आहे. या गोळ्या व्हिटॅमिन केच्या कामात खोडा घालूनच रक्त पातळ ठेवतात. पण आकडे बघा. १०० ग्रॅम ब्लूबेरीत व्हिटॅमिन के साधारण १९ मायक्रोग्रॅम. तेवढ्याच कच्च्या पालकात ४८० च्या वर, कोथिंबिरीत ३१० च्या आसपास. म्हणजे तुम्ही ब्लूबेरीला घाबरून दारातून परत पाठवणार आणि रोजच्या वड्यांवर, आमटीवर कोथिंबीर पेरणार, तर हिशेब कुठे जुळला?

सातत्य हे तुमच्या आजारातलं पथ्य आहे. अर्धी वाटी ब्लूबेरी आठवड्यातून दोन-तीनदा खायची असेल तर खुशाल, पण ती तशीच चालू राहू दे आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला. महिनाभर काही नाही आणि मग कुणी आणली म्हणून चार दिवस डबीच्या डब्या, हे नको. पालेभाजीचंही तेच. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांनी भीतीपोटी हिरवं पान सोडलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या लग्नात अळूचं फदफदं दोन वाट्या चेपायचे आणि आयएनआर गडगडला की डॉक्टरांशी वाद घालायचे. त्यांना रोज थोडी भाजी सुरू केली तेव्हा कुठे आकडा जागेवर बसला.

ब्लूबेरीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ब्लूबेरी-क्रॅनबेरी एकच समजू नका, क्रॅनबेरीच्या रसाबद्दल या गोळीच्या बाबतीत जास्त सावध राहायला सांगतात.

प्रश्न : मॅडम, आपलं सदर आवडतं म्हणून स्पष्ट लिहितो. मी निवृत्त शिक्षक आहे. सातासमुद्रापलीकडचं फळ, तीनशे रुपयांची इवलीशी डबी, आणि आपण त्याची भलामण करता. आमच्या बांधावर जांभूळ आहे, डोंगरात करवंद आहे. जांभळात ब्लूबेरीच्या दहापट गुण असतात असं नुकतंच वाचलं. बियांची पूड घेतली तर मधुमेह मुळापासून जातो. स्वदेशी फळांवर कधी लिहिणार? (सांगली)

उत्तर : सर, छडी खाल्ली. आता जरा माझं ऐका.

तुमचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. ब्लूबेरीचा निळा-जांभळा रंग ज्या द्रव्यांनी येतो त्यांना अँथोसायनिन म्हणतात आणि सगळी कौतुकं त्यांच्याच नावावर आहेत. डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्विडिन ही त्यातली मंडळी. जांभळातही हीच मंडळी असतात. बाजारातली ब्लूबेरी मधोमध कापून बघा, आत फिकट हिरवट-पांढरी, रंग नुसता सालीचा. जांभळाचा गरही बीपर्यंत रंगलेला असतो, म्हणून तर शाळेत 'जीभ दाखव' म्हटलं की चोर सापडायचा. कोकमातही अँथोसायनिनच असतात, फक्त आपण त्यात साखर ओतून सरबत करतो. आणि व्हिटॅमिन सीसाठी ब्लूबेरी खाणारं कुणी भेटलं तर त्याला पेरू द्या. १०० ग्रॅम ब्लूबेरीत ते दहा मिलिग्रॅमही नाही, पेरूत दोनशेच्या वर.

पण 'दहापट गुण' हा आकडा मी तुम्हाला मोडीत काढायला सांगेन. एका प्रयोगशाळेतलं जांभूळ आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतली ब्लूबेरी, मोजायची रीत वेगळी, जात वेगळी, पिकलेपणा वेगळा. तुम्ही गणित शिकवत असाल तर एकक वेगळं असताना बेरीज केल्याबद्दल पोराला भोपळा दिला असता. वर मी ब्लूबेरीबद्दल जेवढं सांगितलं, हजारो बायका, सहा महिने, ११५ माणसं, तेवढी परीक्षा जांभळाची झालेली नाही. जांभूळ त्यामुळे कमी ठरत नाही. त्याच्या मागे उभं राहायला उत्पादकांचं श्रीमंत मंडळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. बियांच्या पुडीवर उंदरांमध्ये बरेच प्रयोग आहेत, माणसांमध्ये थोडे आणि लहान. पुडीसाठी गोळी बंद करून पायाला जखम घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. मुळापासून वगैरे काही जात नाही, सर.

आता परकं फळ म्हणालात त्याबद्दल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरी ही अमेरिकेची करवंदंच होती. तिथले मूळ रहिवासी ती शतकानुशतकं खात, वाळवून ठेवत, पण शेतात कुणी लावत नव्हतं. लावली तर जगत नाही असा सार्वत्रिक अनुभव होता. फ्रेडरिक कोविल हा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ या कोड्याच्या मागे लागला. त्याच्या लक्षात आलं की आपण चांगली, खतवलेली जमीन देतो तीच तिला मारते. तिला आंबट जमीन लागते, सामू (पीएच) पाचच्या आत-बाहेर, जिथे दुसरं पीक नाक मुरडतं. त्याचा अहवाल १९११ मध्ये न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी वाचला. वडिलांची क्रॅनबेरीची शेती, भोवती पाइनचं जंगल आणि रेताड आंबट जमीन. त्यांनी कोविलना कळवलं, प्रयोग आमच्याकडे करा.

पुढचं मला फार आवडतं. उत्तम झुडूप ओळखणार कोण? बाईंनी जंगलात बेरी वेचणाऱ्या माणसांना कामाला लावलं. एका ठरावीक भोकाची पट्टी दिली, भोक इंचाच्या पाच अष्टमांश, सोळा मिलिमीटरच्या जवळपास. ज्या झुडपाची सर्वांत मोठी फळं त्या भोकातून पडत नाहीत ते झुडूप दाखवा आणि पैसे घेऊन जा. शिवाय झुडपाला शोधणाऱ्याचं नाव. रूब लीक नावाच्या माणसानं दाखवलेल्या झुडपाला 'लीक' म्हणायचं तर इंग्रजीत ते गळतीसारखं ऐकू येतं, म्हणून नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर जोडून 'रूबेल' केलं. ती जात आजही लावली जाते. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. म्हणजे तुमच्या माझ्या आजीच्या पिढीतलंच हे शेत-फळ आहे.

मला वाटतं ते एवढंच, की आपल्या करवंदाला अजून त्याची एलिझाबेथबाई भेटायची आहे. डोंगरची काळी मैना टोपलीतून, पळसाच्या द्रोणातून विकणाऱ्या बायकांना कुठल्या जाळीची करवंदं मोठी आणि कमी चिकाची, हे पाठ असतं. पट्टी घेऊन त्यांच्याकडे कोण जातंय? जांभळाचं थोडं बरं चाललंय, पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण पुण्यात हंगामाच्या सुरुवातीला भाव विचारून बघा, जांभूळसुद्धा आता बांधावरचं फुकटचं फळ राहिलेलं नाही. आमच्या गल्लीत यंदा जांभळं आली तेव्हा गाडीवाला पावशेराचे ऐंशी म्हणाला, आणि समोरच्या दुकानात सव्वाशे ग्रॅम ब्लूबेरीची डबी ३२० ला होती. मी जांभळं घेतली. घरी येईतो पिशवीच्या तळाशी निम्मी फुटलेली. ब्लूबेरी आठवडाभर फ्रिजमध्ये ताठ बसते, जांभूळ दुसऱ्या दिवशी रुसतं; तुमच्या-माझ्या स्वदेशीची खरी अडचण ही आहे.

जून-जुलैत जांभूळ खा, वर्षभराची पूड करू नका. आणि रक्तदाब असेल तर जांभळाला मीठ चोळून खाऊ नका, तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे म्हणून तिखटमीठच चोळत असणार.

प्रश्न : वडिलांची किडनी निम्म्यानं काम करते. पोटॅशियम वाढतं म्हणून केळी, शहाळं बंद आहे. पुण्याहून बहीण ब्लूबेरी घेऊन आली आहे. द्यावी का? (रत्नागिरी)

उत्तर : द्या, अर्धी वाटी. १०० ग्रॅम ब्लूबेरीत पोटॅशियम ७७ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, केळ्यात ३५८. किडनीच्या रुग्णांना जी थोडी फळं निर्धास्तपणे देता येतात त्यात ती बसते. जांभूळही त्याच गटातलं. डॉक्टरांनी दिवसाच्या फळांचं आणि पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर त्यातच मोजायची.

तुम्ही कोकणातले म्हणून न विचारलेलं एक सांगते. परसात ते पाच धारांचं फळ असतं ना, आडवं कापलं की चांदणी दिसते ते, स्टारफ्रूट. वडिलांना ते एक फोडसुद्धा नको, लोणच्यातलंही नको. त्यातलं एक विषारी द्रव्य निरोगी किडनी बाहेर टाकते, दुबळी किडनी टाकू शकत नाही. मग न थांबणारी उचकी, गोंधळल्यासारखं बोलणं, आकडी, इथपर्यंत जातं. घरचं, झाडावरचं, म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

प्रश्न : डबी आणली की लगेच धुवून ठेवते, तरी दोन दिवसांत बुरशी येते. फ्रोझन घेतली तर चालेल का? मुलांच्या केकमधल्या, बिस्किटांमधल्या ब्लूबेरीचा फायदा होतो का? (पुणे)

उत्तर : 'तरी' नव्हे, धुवून ठेवता 'म्हणून' बुरशी येते. फळावर द्राक्षांवर असते तशी पांढुरकी धूळ दिसते ती मळ नाही, फळाचं स्वतःचं मेण आहे, तेच त्याला टिकवतं. डबी आणली की फुटलेले, मऊ झालेले दाणे काढून टाका, बाकीचे कोरडे ठेवा आणि खायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. चोळून म्हणतेय, कारण सालीसकट खायचं फळ आहे आणि फवारणीचे अंश सालीवरच असतात.

फ्रोझन चालते. रंगद्रव्यं बऱ्यापैकी टिकतात, आणि भाव किलोमागे कमी पडतो. मात्र गोठवल्यानं जंतू मरत नाहीत. परदेशात फ्रोझन बेरींमधून हिपॅटायटिस ए पसरल्याच्या घटना झाल्या आहेत. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा कमी प्रतिकारशक्तीचं कुणी असेल तर एक उकळी काढून थंड करून द्या.

केक-बिस्किटांचं म्हणाल तर पाकिटावर घटक वाचा. पुष्कळदा त्या निळ्या ठिपक्यांत साखर, तेल, पीठ आणि रंग असतो, ब्लूबेरीची नुसती ओळख करून दिलेली असते. परवा माझ्या नातवानं असं एक बिस्किट दुधात बुडवलं, दूध निळं झालं आणि ठिपका विरघळून गेला. खरी ब्लूबेरी असती तर निदान साल तरी तळाशी उरली असती.